दसऱ्यानंतर समुद्र शांत असतो

ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याने समुद्राच्या प्रवासाविषयी लिहू नये, एवढं मला समजतं. मी अजूनही तो पाहिलेला नाही. आमच्या गावापासून समुद्र कुठल्या दिशेला जवळ पडतो हे मला नकाशा बघूनच सांगावं लागेल. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि सहीसुद्धा एकट्या वडिलांची. आईचा अंगठा. त्यामुळे लिहायला बसलो की मला माझ्याच हाताची लाज वाटते. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण याच हाताने दोन वर्षांपूर्वी मी एक कागद लिहिला होता. अंदमानला कसं जावं, कधी जावं, सोबत काय न्यावं, याची सगळी माहिती त्यात होती. तो लिहिताना मी कोणाचीच क्षमा मागितली नव्हती. म्हणून आता मागतो.

आमचं गाव उंद्रीपासून पायी तासाभराच्या वाटेवर आहे. घरी आई, वडील, थोडी कोरडवाहू जमीन आणि दोन बैल. मला एकच बहीण, सहा वर्षांनी मोठी. तिला मी बाई म्हणतो. तिसरीत असताना तिला शाळेतून काढलं, कारण आई शेतात गेली की मला सांभाळायला घरी कोणीतरी हवं होतं. ही गोष्ट घरात कोणी कधी बोलून दाखवली नाही. मीच ती मोठेपणी हिशेब केल्यासारखी शोधून काढली.

बाईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, सरकारी बांधकामावर मिस्त्री. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि जिकडेतिकडे बांधकामं निघाली होती. त्यांना जिल्ह्यात काम कमी नव्हतं. पण अंदमानात सरकारी घरं बांधायला माणसं हवीत, पगार जास्त, राहायला खोली, असं कोणीतरी सांगितलं आणि ते होळीनंतर एका साहेबाच्या तुकडीबरोबर निघून गेले. बाई आणि तिची तीन वर्षांची मुलगी आमच्याकडे आल्या.

भाद्रपदात त्यांचं पत्र आलं. घरी पत्रं मीच वाचायचो; बाईला भाऊजींचं अक्षर लागत नसे. कॉलेज बुलढाण्याला, पण दर पंधरा दिवसांनी शनिवारी गावी यायचो, आणि तोवर आलेलं पत्र आई देवळीत, देवांच्या मागे, न फोडता ठेवून द्यायची. गावात मास्तर होते, पण परक्याने वाचलेलं आईला चालत नसे.

भाऊजींनी (वडिलांना ते मामा म्हणत) लिहिलं होतं: खोली मिळाली आहे. मला रजा मिळत नाही. मामांनी कलकत्त्यापर्यंत आणून दोघींना जहाजात बसवून द्यावं, इकडे बंदरावर मी उभा राहीन. कधी निघायचं, कसं यायचं, ते धाकट्यास विचारावं. तो कॉलेजात आहे, त्यास पुस्तकं मिळतात.

आईने शेवटचं काही ऐकलंच नाही. ती म्हणाली, "काळ्या पाण्यावर काऊन न्यायले पाहिजे माह्या लेकीले? तिनं कोणाचा खून केला?"

"अवं, तो मिस्त्री हाय, कैदी नाई," वडील म्हणाले. "अन् आता तिथं सगळी नोकरीवालीच राह्यते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य बरं लेका पुस्तकात. सगळं लिहून दे मले. एकही गोष्ट सोडू नको."

बाई चुलीपाशी बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "समुद्रात तळ दिसते का रे?"

मी म्हणालो, "कडेकडेने दिसतो." मला काहीच माहीत नव्हतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात अंदमानवर एकच पुस्तक निघालं. जाड, इंग्रजी, मागची पानं वाळवीने खाल्लेली. माझं इंग्रजी तेव्हा असं होतं की एका पानाला एक संध्याकाळ लागायची. डावीकडे शब्दकोश, उजवीकडे ते पुस्तक. तरी मी पंधरा दिवस चिकाटीने बसलो, आणि ते पुस्तक, भाऊजींची आधीची दोन पत्रं आणि थोडा अंदाज, यांतून कागद तयार केला. फुलस्केपच्या दोन्ही बाजू, आकडे घालून.

त्यात मलकापूरला गाडीत बसल्यावर हावड्याशिवाय कुठेही उतरू नये असं होतं. नागपूरला गाडी बराच वेळ थांबते, पण पाण्यासाठीसुद्धा दोघांपैकी एकानेच उतरावं. देवीची लस आणि पटकीची सुई टोचून घेतल्याचा दाखला, भाऊजींच्या खात्याचं पत्र, हे वडिलांनी कोपरीच्या आतल्या खिशात ठेवावं, पेटीत नाही. जहाजाची तारीख पक्की नसते, ती कचेरीच्या फळ्यावर लावतात, म्हणून चार-पाच दिवस धर्मशाळेत राहायची तयारी ठेवावी. जहाजात तीन-चार दिवस लागतात. खालच्या वर्गात मधल्या जिन्यापाशी जागा धरावी, कारण टोकांना जहाज जास्त हलतं. मळमळीसाठी आवळकाठी आणि लिंबं न्यावीत. तिकडे ज्वारी मिळत नाही, म्हणून महिनाभराचं पीठ न्यावं. रानात शिरू नये, तिथे जळवा असतात. समुद्राच्या कडेला पडलेलं काही उचलू नये.

सातव्या आकड्यापाशी मात्र मी अडलो. सातवा आकडा होता: निघण्याचा योग्य काळ.

पुस्तकात पावसाबद्दल एक मोठा परिच्छेद होता. त्यातलं अर्धं मला समजलं. तिकडे वैशाखापासून पाऊस सुरू होतो, हे कळलं. पुढे एक वाक्य ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांविषयी होतं, ते अर्ध्यावरच पुढच्या पानावर जात होतं आणि पुढच्या पानाचा वरचा भाग वाळवीने नेला होता. वारे, एवढंच माझ्या हाती राहिलं. मला वाटलं, वारा म्हणजे वारा. वाऱ्याला कोण भितो?

भूगोलाचे सर पुण्याकडचे होते. त्यांना विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याच महिन्यात वर्गात मी एक प्रश्न विचारायला उभा राहिलो होतो आणि घाबरून घरच्या बोलीत बोलून गेलो होतो. सर हसले, वाईट हेतूने नाही, पण हसले, आणि पुढच्या बाकांवरची मुलं त्यांच्याहून जास्त हसली. तेव्हापासून मी सर येताना दिसले की व्हरांडा बदलत असे. ग्रंथालयातून त्यांच्या खोलीपर्यंत तीस पावलं होती. मी ती दोनदा चालून गेलो आणि दोनदा दारावरून परत आलो.

मग मी आम्हां सगळ्यांना जन्मापासून जे माहीत आहे ते लिहिलं. दसऱ्याला पाऊस संपतो. ओढे उतरतात, वाटा वाळतात, बैलगाड्या निघतात. आमच्याकडे लांबचा प्रवास दसऱ्याच्या आधी कोणी करत नाही, आणि दसऱ्याला गावाची शीव ओलांडून परत आलं की पुढे वर्षभर वाट अडत नाही असं म्हणतात. मी सातव्या आकड्यापुढे लिहिलं: "दसऱ्यानंतर निघावे. पाऊस संपलेला असतो व समुद्र शांत असतो."

अक्षर चांगलं काढलं होतं. त्या ओळीचं तर सर्वांत चांगलं.

पुढच्या शनिवारी घरी कागद वाचून दाखवला. शेजारचे दोघे-तिघे ओसरीवर येऊन बसले होते. वडील प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. सातवा वाचला तेव्हा ते सगळ्यांकडे बघत म्हणाले, "पाह्यलं? समुद्रालेही दसरा समजते."

शेजारचे एक म्हातारे बाबा होते, ते तंबाखू मळत म्हणाले, "कावो, तुमच्या पोट्ट्याले समुद्राचं एवढं समजते, तं तो काऊन नाई जाऊन राह्यला बहिणीसंगं?"

सगळे हसले. मी म्हणालो की माझी सहामाही परीक्षा आहे. परीक्षा होतीच. पण ती नसती तरी मी गेलो असतो का, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. त्या पुस्तकात एका फुटलेल्या जहाजाचं चित्र होतं. ते पान मी घाईने उलटलं होतं.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडील, बाई आणि भाची अशी तिघं निघाली. आधी भाऊजींना कार्ड टाकलं होतं की दसरा झाला की निघतो. त्याचं उत्तर यायची वाट बघितली नाही. अंदमानचं टपाल जहाजानेच येतं, त्याला कधी तीन आठवडे लागतात, कधी जास्त. बुलढाण्याला मी त्यांच्या एसटीत चढलो आणि राजूरचा घाट उतरून मलकापूरपर्यंत सोबत गेलो. फलाटावर बाईने कागद माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. तिलाही थोडं वाचता येत होतं, पण ती म्हणाली, "तुह्या तोंडून आइकलं की ध्यानात राह्यते." मग तिने तो चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवला. गाडी हलली तेव्हा भाची खिडकीतून माझ्याकडे न बघता इंजिनाच्या धुराकडे बघत होती.

वडील बारा दिवसांनी परतले. ते आधी बुलढाण्याला माझ्या खोलीवर आले. डोळे लाल, टोपी काळी झालेली, पण चेहरा असा की मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. खोलीतल्या सगळ्या मुलांना त्यांनी बसवून घेतलं.

"घर नाई बाप्पा ते. पाण्यावर गावच ठेवलं हाय. तीन माळ्यांचं. आत नळ हाय, दवाखाना हाय. मधल्या जिन्यापाशी सतरंजी टाकून दिली म्या पोरीले, कागदात होतं तशी. तिथला एक बाबू मले म्हणे, बुढा, तुमको किसने बताया? म्या म्हटलं, हमारा लडका कॉलेज में है."

मी विचारलं, "जहाज निघालं तेव्हा आभाळ कसं होतं?"

"आभाळ? मी आभाळ कायले पाहू? जहाज पाहून राह्यलो होतो." मग थोडं थांबून म्हणाले, "रिमझिम होती जराशी. तिकडं बंगालात राह्यत असन तशी."

मी बोटांवर दिवस मोजले. दसऱ्याला नऊ-दहा दिवस उलटल्यावर रिमझिम.

रविवार होता. मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. आईने पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच देवांमागून पाकीट काढून आणलं. भाऊजींचं पत्र, चार दिवसांपूर्वी आलेलं. मी उंबऱ्यावर बसून फोडलं आणि वाचायला लागलो. खुशाली, बांधकाम, खोलीला दार बसवलं. मग ही ओळ आली. ती मला पाठ आहे.

"आपले कार्ड पोहोचले. परंतु दसऱ्यानंतर निघू नये. इकडे दिवाळीच्या आगेमागे पुन्हा मोठा पाऊस असतो व समुद्रात वादळे होतात. जहाजे बंदरात अडकून पडतात. संक्रांत झाल्यावरच पाठवावे."

मी थांबलो नाही. मला वाटतं, थांबलो असतो तर खरं वाचलं असतं. पण आवाज तसाच पुढे चालू राहिला आणि डोळ्यांनी ती चार वाक्यं ओलांडली. मी वाचलं, "आपले कार्ड पोहोचले. मुलीला घराची सवय होईल असे वाटते. मामींस नमस्कार." आई म्हणाली, "माही आठवण काढली जवायानं." वडील सुपारी कातरत म्हणाले, "म्हणजे वाट पाहून राह्यला असन आता बंदरावर."

मी पत्र घडी करून माझ्या खिशात घातलं. आईने हात पुढे केला होता, ते परत देवांमागे ठेवायला. मी म्हणालो, पत्ता उतरून घ्यायचा आहे, मी नेतो. माझ्यावर घरातल्या कोणी कधी अविश्वास दाखवलेला नाही. त्या दिवशी तर मला वाटत होतं की कोणीतरी दाखवावा.

सोमवारपासून मी वाचनालयात जाऊ लागलो. बुलढाण्याला मोठी वर्तमानपत्रं एक-दोन दिवस उशिरा येत. पहिल्या दिवशी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, बाजारभावाच्या वर, बोटभर बातमी होती: बंगालच्या उपसागरात वादळ, बंदरांना इशारा. जहाजांबद्दल एक शब्द नव्हता. मी ती बातमी उभ्याने वाचली, मग बसून वाचली. वाचनालयाचे गृहस्थ म्हणाले, "अहो, ते पान सोडा आता, दुसरेही लोक आहेत."

वडील परतले त्या दिवसापासून मी मोजत होतो. जहाज निघालं त्याला किती दिवस झाले, कलकत्त्याच्या नदीतून बाहेर पडायला किती, वादळ कुठे उठलं, ते ताशी किती चालतं. मला यातलं काहीच येत नव्हतं, तरी मी मोजत होतो. भाकरीकडे बघितलं की ते महिनाभराचं पीठ आठवे.

खोलीतला सोबती एकदा म्हणाला, "काय बे, रोज पेपर काऊन चाळून राह्यला? मुलगी पाहून राह्यला का नोकरी?" मी हसलो. मग संडासात जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

चौथ्या दिवशी मी ती तीस पावलं चाललो. सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी आत जाऊन उभा राहिलो आणि ठरवलेली सगळी शुद्ध वाक्यं विसरलो. म्हणालो, "सर, अंदमानले दसऱ्यानंतर पाऊस असते का?"

सर हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "कोण गेलंय?"

मी सांगितलं. कागदाचंही सांगितलं. पत्राचं मात्र सांगितलं नाही. त्यांनी नकाशा उलगडला आणि बोटाने दाखवलं. आपल्याकडून पाऊस परततो तो तिकडे जातो. आश्विन-कार्तिकात त्या समुद्रावर पुन्हा ढग धरतात. वादळांचा तोच काळ. बोलता बोलता त्यांचं बोट अंदमानपाशी थांबलं.

"तू मला का विचारलं नाहीस?" त्यांनी विचारलं. मी खाली बघत राहिलो. ते म्हणाले, "असो. चूक माझीही असेल. मोठी जहाजं अशी सहज बुडत नसतात. त्यांना बिनतारी संदेश मिळतात, ती थांबतात. तू तार कर मेहुण्यांना. उत्तराचे पैसे भरून कर."

मी तारघरात गेलो. फॉर्म घेतला, भाऊजींचा पत्ता लिहिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "मजकूर?" मजकूर काय लिहायचा? पोहोचल्या का, असं विचारलं आणि उत्तर आलं, तर? आमच्या गावात तार एकाच कामासाठी येते. तार आली म्हटलं की बाया पाकीट फोडायच्या आधीच रडायला लागतात. मी फॉर्म खिशात घातला आणि बाहेर आलो. उत्तर येत नाही तोवर बाई जिवंत आहे, असं काहीतरी मी मनाशी धरलं होतं. हे लिहायलाही मला शरम वाटते.

दिवाळीला गावी गेलो. आईने अनारसे केले होते, बाईला आवडतात म्हणून, आणि मग ती नाही हे आठवून जास्तच केले होते. रोज कोणी ना कोणी येऊन विचारायचं, लेक पोहोचली का. आई सांगायची, "पोहोचली असनच. माह्या पोरानं सगळं लिहून देल्लं होतं." दोन घरांतून तर मला सांगणं आलं की आमच्यालाही काशीचा असाच एक कागद करून दे. मी हो म्हणालो आणि केला नाही.

भाऊबीजेला संध्याकाळी आई अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत होती. चंद्राची कोर निघाली होती, अगदी बारीक. आई म्हणाली, "बाई तिकडं आज चंद्राले ओवाळीन. भाऊ जवळ नाई तं चंद्र." मग मला म्हणाली, "तूही पाह्य ना त्याच्याकडं. तिले बरं वाटीन."

मी बघितलं नाही. चप्पल शोधायचं निमित्त करून आत गेलो.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. वाचनालयात जाणं मी सोडून दिलं होतं, कारण वादळाची बातमी आता संपली होती आणि त्यात काय झालं ते कोणीच छापलं नव्हतं. एके दिवशी दुपारी तास संपवून खोलीवर आलो तर वडील माझ्या खाटेवर बसलेले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, आणि दोन्ही हातांत धरलेलं एक पाकीट. न फोडलेलं.

"कालच्या टपालानं आलं," ते म्हणाले. "मास्तर म्हणे, आणा, मी वाचतो. म्या म्हटलं, नाई. आमचं वाचणारं माणूस हाय. पहिल्या गाडीनं आलो."

पाकिटावर भाऊजींचं अक्षर होतं. बाईचं नव्हतं. मी उलटसुलट करून बघितलं, कुठेही तिचं अक्षर नव्हतं.

"फोड ना," वडील म्हणाले.

मी ओढून फोडलं, पाकिटाबरोबर आतला कागदही थोडा फाटला. तेव्हा मी मनाशी एक ठरवलं. डोळे पुढे पळवायचे नाहीत. जे आधी येईल ते आधी वाचायचं, आणि मोठ्याने. मागच्या वेळी डोळे पुढे पळाले होते म्हणूनच मला लपवता आलं होतं.

"तीर्थस्वरूप मामा व मामी यांस शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास उशीर झाला याची क्षमा असावी. इकडे वादळामुळे टपाल बंद होते." एवढं वाचून मी श्वास घेतला. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

पुढची ओळ मला दिसली. आणि ती मी वाचली.

"मी मागील पत्रात स्पष्ट लिहिले होते की दसऱ्यानंतर पाठवू नये, या दिवसांत समुद्रात वादळे होतात. तरीही आपण पाठवले, की माझे पत्र मिळालेच नाही?"

खोलीत खालच्या अंगणातल्या पंपाचा आवाज येत होता.

"ते पत्र," ते म्हणाले, "तू वाचलं होतं मले. उंबऱ्यात बसून."

"हो."

"त्याच्यात हे होतं?"

"होतं."

"तवा तं पोरगी निघून गेली होती."

"गेली होती."

"मंग सांगून काय झालं असतं," असं ते म्हणाले. मला वाटलं, त्यांनी मला सोडलं. पण ते तसं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बी पेरल्यावर दगा देणाऱ्या आभाळाकडे ते बघतात तसं बघितलं, रागाने नाही, नव्याने. "आपल्या घरात वाचणारा एकच हाय, लेका. तू सोडलं तं आमी कोणाले इचारू?"

मी हातातला कागद सरळ केला.

"वाच पुढं," ते म्हणाले. "आता एकही सोडू नको. जे असन ते."

मी पान उलटलं. मागच्या बाजूला अक्षर बदललं होतं. मोठं, तिसरीतलं, ओळ सोडून वर-खाली जाणारं. मी अक्षराकडे बघत राहिलो. वडिलांना अक्षर ओळखता येत नाही, त्यांना काय झालं ते कळेना. ते घाबरून म्हणाले, "काय लिहिलं? काऊन थांबला?"

मी वाचलं. बाई बोलते तसंच तिने लिहिलं होतं, म्हणून मीही तसंच वाचलं.

"बाबा, माय, आमी पोहोचलो. जहाज नदीच्या तोंडापाशी दोन दिवस उभं राह्यलं, मंग निघालं अन् मंग हाललं. दोन दिवस मले वर कोणतं अन् खाली कोणतं ते समजलं नाई. टोकाकडची माणसं घरंगळून राह्यली होती. मी मधल्या जिन्याच्या लोखंडी खांबाले लुगड्यानं पोरीले बांधलं अन् मले बांधलं. तेवढं धाकट्याचं बरोबर निघालं. ज्वारीच्या पिठाले बुरशी लागली, सगळं फेकलं. पोरीले आठ दिवस ताप होता, आता भात खाते. फक्त जिना दिसला की रडते. धाकट्याले सांगा, दुसऱ्या कोणाले कागद देशीन तं सातवा आकडा खोडजो. इथं दिवाळी झाली तरी पाऊस पडून राह्यला."